मोजून दिलेलं पाणी

हुडकेश्वरला आमच्या गल्लीत माझी ओळख 'झाडांना पाणी न देणारी बाई' अशी आहे. वैशाखात लोक पाखरांसाठी गच्चीवर पसरट भांडी भरून ठेवतात, गेटाबाहेर गाईसाठी टाकं भरतात, कूलरमध्ये सकाळ-संध्याकाळ पाइप सोडतात आणि माझ्या गच्चीवर मात्र कुंड्यांची निम्मी ओळ वाळत पडलेली असते. समोरच्या काकूंनी एकदा मला गेटवरच अडवलं. "काहून वं मॅडम, मारायचेच होते तं झाडं लावले कायले?" मी त्यांना उन्हात उभं राहून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी शेजारणीला सांगितलं की मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

कुंड्यांमध्ये रोझमेरी आहे. पूर्वी हे नाव दोनदा सांगावं लागायचं, आता मोबाइलच्या कृपेनं पोरीसोरींनाही माहीत झालं आहे. रोझमेरीच्या पाण्यानं केस वाढतात म्हणे. गांधीबागेत कापड घ्यायला गेलेल्या बायका येताना वाळल्या पानांच्या पुड्या घेऊन येतात, आणि ज्यांना माझी गच्ची ठाऊक आहे त्या फांदी मागायला येतात. एकीनं मी घरी नसताना वर जाऊन एका झाडाचे सगळे शेंडे खुडून नेले होते. मी तिच्या दारात जाऊन भांडले. माझ्या पीएचडीचं एक झाड तिनं खोबरेल तेलात उकळून डोक्याला चोपडलं होतं, आणि वर मला म्हणते, "पानंच तं होते."

मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कंत्राटी आहे. चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं, कारण त्याशिवाय ही नोकरीही राहणार नाही असं आम्हाला स्पष्ट सांगण्यात आलं होतं. विषय मात्र मी हौसेनं निवडला. रोझमेरी, लव्हेंडर, थाईम, सेज ही सगळी भूमध्य समुद्राच्या काठची झुडपं. तिकडे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. खडकाळ उतारावर, पाण्याच्या थेंबाशिवाय ही झुडपं महिनोन्‌महिने उभी राहतात. पान सुईसारखं बारीक करतात, कडा आत वळवतात, पानाच्या पाठीवर पांढरी लव वाढवतात. आणि पानातल्या बारीक बारीक पिशव्यांमध्ये तेल साठवतात. आपल्याला तो सुवास वाटतो. झाडाच्या दृष्टीनं ती कडक उन्हात आणि खादाड किड्यांत जगायची सोय आहे.

नर्सरीतली रोझमेरी म्हणजे एकाच झाडाची कलमं, सगळी एका वासाची. मी माझी झाडं बियांपासून वाढवली. रोझमेरीचं बी रुजता रुजत नाही आणि रुजलं की वाढता वाढत नाही, पण त्यातून येणारं प्रत्येक झाड वेगळं निघतं. एकात कापराचा अंश जास्त, दुसऱ्यात निलगिरीचा, तिसऱ्याचा वास कशातच बसत नाही. पाणी तोडल्यावरही ही झाडं वेगवेगळी वागतात. कोणी लगेच पानं मिटून गप्प बसतं, कोणी शेवटपर्यंत फुटवे काढत राहतं आणि मग एकदम आडवं होतं. झाडाच्या तेलात काय आहे आणि ते तहान किती सोसतं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, एवढाच माझा प्रश्न. त्यासाठी नागपूरच्या मे महिन्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार होती?

या झाडांचं खरं कौतुक घरात एकाच माणसाला होतं, माझ्या सासऱ्यांना. बाबांची लकडगंजला लाकडाची टाल. जन्म भुशात गेला, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी नाकाशी न्यायची ही त्यांची सवय. संध्याकाळी काठी टेकत टेकत ते गच्चीवर यायचे, पान चुरगळायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "हा कापूर. हा बाम. आन् हे तं फिनाईल होय, बेटा, हे कायले वाढवून राहिली तू?" मी प्रत्येक कुंडीला रीतसर आकडे-अक्षरं दिली होती. ती पाट्यांवरच राहिली. घरात सगळे बाबांनी ठेवलेलीच नावं घ्यायचे, आणि एकदा तर मी माझ्या गाइड सरांसमोर बोलून गेले की फिनाईल यंदा चांगलं वाढलंय. कापूर बाबांचा लाडका होता. खाली उतरताना त्याची दोन पानं ते शर्टाच्या खिशात टाकायचे.

मागच्या उन्हाळ्यात बाबांचं हृदय थकलं. अंगात पाणी साठायला लागलं, पावलं सुजली, दोन पायऱ्यांत धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, पाणी मोजून द्यायचं, दिवसाला इतकंच, चहा-वरण सगळं त्यातच धरायचं. कोण देणार, असं त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नणंदेनं आणि पुण्याहून फोनवर असलेल्या दिरानंही. "तू सायन्सवाली आहेस, तुलाच जमेल," नवरा म्हणाला. जणू वडिलांना पाणी नाकारायला डिग्री लागते.

मग मी झाडांसाठी आणलेलं प्लॅस्टिकचं मोजपात्र घासून, उकळत्या पाण्यातून काढून खाली आणलं. त्या पात्रानं मी बाबांना पाणी दिलं. बाहेर नागपूर भाजून निघत होतं, दिवाणाशेजारी कूलर घरघरत होता, त्या कूलरमध्ये बादल्यांनी पाणी जात होतं आणि कूलरसमोर पडलेला माणूस कोरड्या ओठांनी म्हणत होता, "बेटा, घोटभर." नवरा उठून टालीवर निघून जायचा. नणंद यायची, पदरानं डोळे पुसायची, माझ्या हातातल्या पात्राकडे बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन कुणाला तरी फोन करायची. सासूबाई, म्हणजे आई, बाबांच्या उशाशी बसून असायच्या. मी बर्फाचा खडा बाबांच्या जिभेवर ठेवायची तोही हिशेबात धरायची.

दुपारभर मी कॉलेजात असायची. परत आले की संध्याकाळचा वाटा द्यायची. मला वाटायचं, आता ते पात्रावर तुटून पडतील. पण बाबा संध्याकाळी अर्धंच प्यायचे आणि पात्र परत करायचे. "पुरे, बेटा. ठेव." या माणसानं मागणंच सोडून दिलं असं मला वाटायचं.

एवढं करून पायांवरची सूज उतरत नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, नीट मोजता ना?" मी शपथेवर सांगितलं. जून लागायच्या आत बाबा गेले. तेराव्याच्या पंगतीत मी वाढत असताना कोणीतरी कोणाला तरी म्हणालं, "पानी पानी करत गेले बिचारे." मी वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे सरकले. त्यानंतर वर्षभर घरात कोणी हे माझ्या तोंडावर बोललं नाही, आणि न बोलताही कोणी सोडलं नाही. आईंसमोर पाण्याचा पेला ठेवला की त्या आधी माझ्याकडे बघायच्या. मला त्या नजरेचा संताप यायचा. मी काय केलं होतं? जे यांच्यापैकी एकाच्याही हातून होत नव्हतं, ते केलं होतं.

यंदाचा उन्हाळा माझा शेवटचा होता. तो वाया गेला तर पीएचडीची मुदत संपणार आणि तिच्यामागे नोकरीही. मी ओळीतल्या निम्म्या कुंड्यांना त्याच पात्रानं मोजून पाणी देत होते आणि निम्म्यांचं तोडलं होतं. तोडलेल्यांचं तेल काढायचं ते अगदी कडेलोटाच्या क्षणी, झाड मरत नाही पण आता पुढे सोसणार नाही अशा वेळी. कापूर त्या क्षणाला अक्षय तृतीयेच्या आठवड्यात पोचला. पानं राखाडी, कडा आत गुंडाळलेल्या, पण हात लावला की वास असा उसळायचा की बाबा असते तर नाचले असते. तेल काढायचं काचेचं उपकरण आमच्या विभागात एकच. मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "लॅब सोमवारी उघडेल. आता सगळे परीक्षेत अडकलेत. इतके दिवस थांबलात, अजून चार दिवस थांबा." झाडांनी थांबायचं, मी थांबायचं. लॅबच्या किल्ल्या सरांच्याच खिशात होत्या, वाजत होत्या.

अक्षय तृतीयेला बाबांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. मी पहाटे उठून पुरण वाटलं, घागर धुतली, तिच्यात वाळा टाकला, वर खरबूज ठेवलं, आणि परीक्षेच्या ड्युटीला निघून गेले. त्या दिवशी आईंच्या दोन बहिणी जेवायला येणार होत्या. मला यात काही धोका दिसला नाही. आमच्याकडे या दिवशी पितरांच्या नावानं पाणी देतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त ते पाणी जिना चढून वर येईल हे सुचलं नव्हतं.

चार वाजता मी गच्चीवर गेले. उन्हानं फरशी पेटली होती. माझ्या पाणी तोडलेल्या सगळ्या कुंड्या घमेल्यांत उभ्या होत्या, आणि घमेली काठोकाठ भरलेली. कोरडी माती पाणी धरत नाही, वरून ओतलेलं कडेनं खाली निघून जातं. हे तिघींच्या लक्षात आलं असणार, म्हणून त्यांनी प्रत्येक झाड पाण्यातच बसवून दिलं होतं. लोखंडी घमेली, वर मेमधलं ऊन. मी एका घमेल्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. प्रत्येक कुंडीवर हळद-कुंकू होतं. कापराच्या बुंध्याशी घागरीतला वाळा ठेवलेला होता.

मी खाली आले आणि ओरडले. सणाचा दिवस, पाहुण्या बसलेल्या, पुढ्यात पानं, तरी ओरडले. कॉलेजात ठेवणीतलं बोलणारी मी, घरचीच भाषा तोंडातून आली. "कोणी सांगतलं होतं तुमाले वर जायले? माह्या तीन वर्साची मेहनत होती ते! काहून हात लावला?"

आई लोटा हातात धरून उभ्या होत्या. "मले पाहवत नाही वं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यायनं नावं ठेवले होते त्या झाडायले. म्हटलं, त्यायच्या नावानं देऊ."

यावर मी कदाचित गप्प बसले असते. पण त्यांची मोठी बहीण पानावरून उठली. "तुहा सासरा पानी पानी करत गेला, बाई. आता त्याचे झाडं बी तसेच मारशीन का तू?"

मी आईंकडे पाहिलं. एवढं तरी म्हणा, की अक्का, असं नको बोलू. त्यांनी मान खाली घातली. नवरा तिथेच होता. तो म्हणाला, "सणाच्या दिवशी कशाला हे."

"मग कोणत्या दिवशी?" मी म्हटलं. "पाणी मी नाही बंद केलं, डॉक्टरनं केलं. द्यायचं होतं तर तू का नाही दिलंस? तू तर टालीवर पळून जायचास." तो बाहेर निघून गेला. पुन्हा टालीवरच गेला असेल. मी जेवले नाही.

सोमवारी मी लॅबमध्ये गेले ते उपकरणाची तारीख सोडून द्यायला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. हसले! "घरातल्या लोकांना विश्वासात घ्यायला हवं होतं, मॅडम. पुढच्या उन्हाळ्यात करा." पुढचा उन्हाळा मला मिळणार नाही हे माझ्या मुदतवाढीच्या अर्जावर सही करणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

झाडांनीही माझा अपमानच केला. बहुतेक सगळी आठ दिवसांत निर्लज्जासारखी हिरवी झाली. नवे शेंडे, टवटवीत पानं, जणू तहान कधी लागलीच नव्हती. त्यातली तीनचार झाडं मात्र बुंध्यापासून काळी पडत गेली. मी एक उपटून पाहिलं तर मुळं हातात लिबलिबीत आली, घमेल्यात शिजलेली. त्यांत कापूर होता. बियांपासून आलेलं झाड, त्याची दुसरी प्रत जगात नाही. थंडीत कलमं करायची ठरवलं होतं.

मी कापराची कुंडी रिकामी करत बसले होते तेव्हा आई जिना चढून आल्या. अक्षय तृतीयेपासून आमचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच होतं. त्या भिंतीच्या सावलीला टेकून उभ्या राहिल्या.

"पान्यानं गेलं का वं हे?"

"हो," मी म्हटलं. मला त्यांना लागेल असंच बोलायचं होतं. "पाण्यानंच गेलं. तहानेनं नसतं गेलं. तुम्ही पाजलं म्हणून गेलं."

त्या खाली बसल्या. त्यांनी एक काळं मूळ बोटांनी दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "मी त्यायले पानी देत होती."

मला वाटलं, झाडांबद्दलच बोलताहेत.

"तुया बाबाले," त्या म्हणाल्या. "तू कॉलेजले गेली का देत होती. गडूभर. लय मांगत होते ना वं. मले नाही राहवलं."

"रोज?"

"रोज."

माझ्या हातातली माती तशीच राहिली. पायांवरची सूज, डॉक्टरांचं ते बाजूला घेऊन विचारणं, माझी शपथ, सगळं एकदम वर आलं. आणि संध्याकाळी अर्धं भरलेलं परत येणारं पात्र. "पुरे, बेटा." तहान आधीच भागलेली असायची, आणि बायकोची चोरी उघडी पडू नये म्हणून तो म्हातारा किती सहज बोलायचा ते. दोघांनी मिळून मला फसवलं होतं, आणि त्यातला एक जण आता भांडायलाही उरला नव्हता.

"एक वर्ष झालं," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "अक्का मला तोंडावर बोलल्या तेव्हा तुम्ही समोर उभ्या होत्या. सगळ्या खानदानानं मला पाणी तोडणारी ठरवलं आणि तुम्ही एक शब्द काढला नाही?"

"कोनत्या तोंडानं काढू?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी कुंडीकडे बोट केलं, माझ्याकडे न बघता. "मंग ते बी पान्यानंच गेले का वं? मी पाजलं म्हणून?"

मला बाबांचं दुखणं पाठ होतं. हृदय आधीच संपत आलेलं होतं, डॉक्टरांनी फार आशा दाखवलीच नव्हती. त्यात रोजच्या गडूभर पाण्यानं किती भर घातली हे कोणालाच सांगता येणार नाही. घातली नाही असंही सांगता येणार नाही. एक 'हो' पुरेसा होता. नुकताच तो मी झाडासाठी वापरला होता आणि वर्षभराचा राग माझ्या तोंडात तयार उभा होता.

"नाही," मी म्हटलं. "त्यांचं हृदयच थकलं होतं, आई."

"खरं सांग."

"खरंच सांगते. गडूभर पाण्यानं माणूस जात नाही."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. भिंतीला धरून उठल्या, जिन्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. "तहानलेले नाही गेले वं ते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बी पिऊन गेले."

मग त्या एकेक पायरी उतरत खाली गेल्या. मी उठून त्यांचा हात धरला नाही. वर्षभर झोपेत मला त्या माणसाचं 'घोटभर' ऐकू येत होतं, शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या या बाईला ते थांबवता येत होतं, आणि तिनं थांबवलं नाही. मला तिचा भयंकर राग आला होता. मी कापराच्या रिकाम्या कुंडीशी बसले आणि भर दुपारी, समोरच्या काकूंना दिसेल असं, मोठ्यानं रडले.